जोडपत्र क्रमांक सात

लाइट यायला अजून तासभर तरी जाईल, तोवर सांगतो. पण मधेच कोणी खी खी करायचं नाही, आणि "काका, तुम्ही स्वतः पाहिलंत का" असंही विचारायचं नाही. मी पाहिलेलं नाही. ज्याच्यावर गुदरलं तो माझा जुना मित्र, आणि त्याच्या पायाच्या प्लास्टरवर तारीख मी माझ्या हाताने घातली आहे. तेवढा पुरावा तुम्हाला पुरे.

हा मित्र टायपिस्ट. कचेरीच्या आवारात, पायऱ्यांखाली त्याचं टेबल. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, अपिलं, सगळं तो टाइप करायचा. यंत्र जाऊन कॉम्प्युटर आला, पण माणूस तोच. एक स्वल्पविराम चुकला तरी अख्खं पान पुन्हा काढायचा. म्हणून सगळे त्याला कॉमा म्हणत. भूतखेत, शकुन, असल्या गोष्टींचं त्याला हसू यायचं. "ज्याची झेरॉक्स निघत नाही ते मी मानत नाही," म्हणायचा.

त्याच्याकडे एक म्हातारे गृहस्थ अकरा वर्षं खेटे घालत होते. सैन्यातून निवृत्त झालेले, एका पायाने अधू. सगळे त्यांना फौजीकाका म्हणायचे. त्यांना तरुणपणी लढाईतल्या शौर्याचं पदक मिळालं होतं. आणि अकरा वर्षं ते अर्ज कशासाठी करत होते, ठाऊक आहे? पदक आपल्या नावावरून काढा, म्हणून.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कॉमाने विचारलं, "काका, लोक पदक मिळावं म्हणून भांडतात. तुम्ही परत कसलं करताय?"

"माझं नाहीच ते," फौजीकाका म्हणाले. "लांब्याचं आहे."

लांब्या म्हणजे त्यांच्या तुकडीतला जोडीदार. सव्वासहा फूट उंची, म्हणून लांब्या. डोंगरावरच्या एका चौकीवर रात्री हल्ला झाला. सकाळी तीन जखमी खाली नाल्यात सापडले, त्यांतले एक फौजीकाका. शुद्धीवर तेवढे एकटेच होते. एका अधिकाऱ्याने तर्क केला आणि लिहून टाकलं, की यानेच मांडीत गोळी असताना दोघांना पाठीवरून खाली आणलं. आणि लांब्या? तो कुठेच सापडला नाही. त्याच्या नावापुढे लिहिलं गेलं, 'ठिकाण सोडून गेला.' म्हणजे पळाला.

"तिघांनाही त्याने आणलं. मलासुद्धा. मग परत वर गेला, तो आलाच नाही."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"बावीस वर्षांचा होतो. खाटेवर पडलेला. मोठे साहेब आले, त्यांनी छातीवर पदक लावलं, फोटो काढले. आई रडत होती आनंदाने... तोंड उघडेनाच. एकदा गप्प बसलं ना, की दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी अवघड होतं. अशी पस्तीस वर्षं गेली."

तोवर तिकडे लांब्याच्या घराची दशा झाली होती. बापाने बाहेर पडणं सोडलं, त्या घरातच गेला. बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. पळपुट्याची बहीण, म्हणून. ती पुढे शाळेत शिकवायला लागली, एकटीच राहिली.

आणि अपिलं ऐकणाऱ्या सैन्याच्या मंडळाचं उत्तर दर वेळी एकच. तुम्ही तापात होता, तुमची आठवण हा पुरावा नाही. साक्षीदार आणा. आता साक्षीदार कुठून आणणार? ज्या दोघांना खाली आणलं त्यांतला एक आठवड्यातच गेला होता, दुसऱ्याला त्या रात्रीचं काही म्हणता काही आठवत नव्हतं, आणि तोही मागच्याच महिन्यात वारला.

शेवटची सुनावणी गुरुवारी सकाळी दहाला होती. तिच्या आदल्या दिवसाची ही गोष्ट. बुधवार, अठरा नोव्हेंबर. कॉमाने अपील टाइप केलं, सगळी जोडपत्रं लावली आणि प्रत्येक पानावर काकांची सही घ्यायला निघाला. काकांचा पाय सुजलेला, त्यांना येववत नव्हतं. ते एकटेच राहायचे, गावाबाहेर, जुन्या दगडखाणीच्या खालच्या अंगाला. खाण बंद पडलेली, रस्त्याला दिवे नाहीत. कॉमाने फाइल पिशवीत घातली, पिशवी गळ्यात अडकवली आणि स्कूटरला किक मारली. बायकोला म्हणाला, "नऊपर्यंत येतो, भाकऱ्या करून ठेव." तेव्हा घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

चार किलोमीटरचा रस्ता. तीन बरे गेले. खाणीच्या वळणावर बारीक खडी पसरलेली होती. चाक सरकलं. स्कूटर एकीकडे, कॉमा दुसरीकडे, दहा-बारा फूट खाली चरात.

शुद्ध होती. पण डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. खिशात हात घातला तर मोबाइलचा चक्काचूर. ओरडून पाहिलं. आवाज समोरच्या खडकावर आपटून परत आला. वर स्कूटरचा दिवा थोडा वेळ जळत राहिला, मग तोही विझला.

मिट्ट काळोख.

किती वेळ गेला त्याला सांगता येत नाही. थंडी वाजायला लागली. मग ग्लानी. मरणाची झोप यायला लागली म्हणाला, आणि झोप गोडही वाटत होती.

तेवढ्यात पावलं वाजली.

वरून नाही. रस्त्यावरूनही नाही. खाणीच्या कड्याकडून... जिथून पायवाटसुद्धा नाही.

"कोण आहे?" कॉमा ओरडला. "अहो, इकडे! पाय मोडलाय माझा!"

उत्तर नाही. पावलं मात्र जवळ आली. थांबली. पुन्हा आली. चालणारा दहा पावलं चालायचा आणि एकदम थबकायचा. जणू डोक्यावरून काहीतरी जाऊ देतोय.

मग कोणीतरी शेजारी वाकलं.

चेहरा दिसेना. अंधारात नुसता आणखी गडद अंधार, तेवढंच. भाजक्या मातीचा वास आला. आणि आवाज, अगदी कानाशी,

"झोपू नकोस."

दोन हातांनी कॉमाचे हात धरले. बर्फासारखे हात. त्याने दोन्ही मनगटं एकावर एक ठेवली. कसल्या तरी पट्ट्याने करकचून बांधली. कॉमाची पाचावर धारण बसली. "अहो, काय करताय... सोडा..." काही नाही. बांधलेले हात त्या माणसाने आपल्या गळ्यातून अडकवून घेतले, आणि मूल उचलावं तसं कॉमाला पाठीवर घेऊन उभा राहिला.

उंच. फार उंच. कॉमाचे पाय हवेत लोंबत होते.

चालायला लागला.

दहा पावलं. बसकण. कॉमाला घेऊन तसाच खाली दबून राहायचा. वाट बघायचा. कशाची? कॉमाला काहीच ऐकू येत नव्हतं. रातकिडेसुद्धा नाहीत. एक पान हलत नव्हतं.

पुन्हा दहा पावलं.

कॉमाचा कान त्याच्या पाठीला लागलेला होता. एवढं ओझं घेऊन चालणारा माणूस... धापा तरी टाकेल. छाती धडधडेल. कॉमाने कान आणखी दाबून पाहिला.

आत काहीच नव्हतं.

श्वास नव्हता. ठोका नव्हता.

त्याने डोळे मिटून घेतले. डोळा लागायला लागला की तोच आवाज यायचा. "झोपू नकोस." दरडावून नाही हं. थोरल्या भावाने म्हणावं तसा.

मग एकाएकी पाठीखाली गार फरशी लागली. डोळे उघडले तर फौजीकाकांच्या घराची पायरी. मनगटं सुटली होती. ती आकृती त्याच्यावर वाकलेली, पाठीमागे खाण.

"एक राहिलाय," ती म्हणाली. "येतो."

आणि पावलं निघाली... वर. खाणीकडे.

काकांनी दार उघडलं तेव्हा कॉमा पायरीवर थरथरत पडला होता. आत घड्याळ वाजत होतं. साडेनऊ. काकांनी त्याला ओढत आत घेतलं, पांघरूण घातलं, शेजाऱ्याला फोन करून गाडी मागवली. मग विचारलं, "कोणी आणून सोडलं तुला?"

"माहीत नाही. बोलला नाही काही... नुसतं झोपू नकोस म्हणत होता. आणि जाताना म्हणाला, एक राहिलाय, येतो."

काकांच्या हातातून पाण्याचा तांब्या पडला. ते भिंतीला धरून हळूहळू खाली बसले.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगेल? त्यानेच म्हटलं."

"अरे, मी हे कधी कागदावर घातलं नाही. कोणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही." म्हातारा लहान मुलासारखा रडायला लागला. "मला नाल्यात ठेवून लांब्या हेच म्हणाला होता. मी त्याचा पाय धरू शकत होतो. जाऊ नको म्हणू शकत होतो. मी नाही धरला... मी नुसतं पाणी मागितलं. परत येताना पाणी आण म्हणालो मी त्याला."

बाहेर काहीच वाजत नव्हतं. काका दाराकडे बघत होते, आणि उठून कडी घालायची हिंमत दोघांतही नव्हती.

घोट घ्यायला म्हणून कॉमाने पेला हातात घेतला, तसं दिव्याच्या उजेडात त्याला स्वतःचं मनगट दिसलं. चार बोटं रुंदीचा, लालभडक वळ. दुसऱ्या मनगटावरही. तो त्याच्याकडे बघतच राहिला. मग पायाची कळ विसरून म्हणाला, "काका, फाइल द्या. जोडपत्र सात काढा."

जोडपत्र सात म्हणजे युद्धातल्या इस्पितळाचा कागद. कॉमाने तो चार वेळा टाइप केला होता, एकेका स्वल्पविरामासकट, आणि चारही वेळा त्याचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरला नव्हता. तिन्ही जखमींच्या नोंदी होत्या. प्रत्येकाच्या जखमा वेगळ्या. पण शेवटची ओळ तिघांचीही एकच. 'दोन्ही मनगटांवर रुंद पट्ट्याचे वळ.'

"हे कसले वळ, काका?"

"पाठीवर होतो तेव्हा मला शुद्ध नव्हती. स्ट्रेचरला बांधतात त्याचे असतील, असं मी समजत होतो."

"स्ट्रेचरचे पट्टे छातीवर आणि गुडघ्यांवर असतात. मनगटं कोण कशाला बांधेल?" कॉमाने आपले हात पुढे केले. "ज्याला पाठीवर घ्यायचंय, त्याचीच मनगटं बांधतात. तुमचीही बांधलेली होती. मग दोघांना आणलं कोणी?"

पहाटे इस्पितळात प्लास्टर झालं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे हलायचं नाही. पावणेदहाला हा पठ्ठ्या चाकांच्या खुर्चीत बसून सुनावणीच्या दालनाबाहेर हजर. हाताने लिहिलेला एक जादा परिच्छेद काकांच्या सहीसह मंडळापुढे ठेवला. तिघांपैकी एक सदस्य सैन्यातले निवृत्त डॉक्टर होते. त्यांनी जोडपत्र सात हातात घेतलं, चष्मा वर केला आणि शेजारच्यांना म्हणाले, "ज्याचे हात बांधलेत तो दोघांना कसा उचलेल? हे आपण अकरा वर्षं वाचलं कसं नाही?"

मग कॉमाकडे वळून विचारलं, "तुम्हाला कसं सुचलं?"

कॉमाने शर्टाच्या बाह्या मनगटांवर ओढून घेतल्या. "टाइप करताना लक्षात आलं, साहेब."

चार महिन्यांनी निकाल आला. 'ठिकाण सोडून गेला' ही नोंद खोडली गेली. पदक फौजीकाकांच्या नावावरून उतरवून लांब्याला मरणोत्तर दिलं. काका तो कागद घेऊन स्वतः त्याच्या बहिणीकडे गेले. दारातच उभे राहिले, आत जायचं धाडस होईना. तिने कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "दादा, उन्हात का उभे? आत या." बस, एवढंच. म्हातारा तिथेच उंबऱ्यावर बसला.

आता शेवटचं ऐका. हे कॉमाने पाहिलंय, आणि हे सांगताना आजही तो इकडेतिकडे बघतो.

पदक ताब्यात घ्यायला बहिणीला अभिलेख कार्यालयात बोलावलं होतं. सोबत कॉमा गेला, काठी टेकत. कारकुनाने त्यांच्यासमोर कपाटाचं कुलूप काढलं, सीलबंद खोका बाहेर काढला, नोंदवही काढली. सकाळची पहिलीच वेळ होती, कपाट रात्रभर बंद. वही उघडून पान फिरवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, तुमची सही झालेली आहे की इथे."

"मी तर आत्ताच आले."

"मग ही कोणाची?"

तिने वही स्वतःकडे फिरवली. पाहिलं. आणि तशीच थिजली. हळूच त्या अक्षरांवरून बोट फिरवलं... बोटाला शाई लागली. ओली.

खोक्याचं सील शाबूत होतं. कपाटाची किल्ली अजून कारकुनाच्याच हातात.

"माझ्या दादाची आहे," ती म्हणाली. आवाज अगदी लहान. "सुट्टी संपवून गेला ना, की तिकडून कार्ड टाकायचा. बाकी काही लिहायचाच नाही, आळशी. एकच शब्द असायचा त्यावर."

कॉमाने वाकून पाहिलं. सहीच्या पुढे शेऱ्याचा रकाना होता. तिथे घेणाऱ्याने 'मिळाले' असं लिहायचं असतं.

तिथे लिहिलं होतं...

पोहोचलो.