रेवाचं काय झालं, सांगू नका!

“अहो, रेवा परत येते का?”

एवढंच विचारायचं होतं. पण वाचनालयाच्या व्हरांड्यात, भर दुपारी, एका अनोळखी मुलाला! माझ्या वर्गातल्या दुर्गाने पैज लावली होती, “विचारलंस तर आठवडाभर तुझं भरतकाम मी करीन, कसम से!” आणि मी सुभद्रा, यंदा मॅट्रिकच्या वर्गात, मागच्याच महिन्यात वक्तृत्वाची ढाल जिंकलेली… मी काय घाबरणार? छातीत धडधडत होतं म्हणा, पण ते कुणाला दिसतंय?

‘काळनौका’ या कादंबरीमालेचा नववा भाग पुण्याहून आमच्या देवासला येऊन अठरा दिवस झाले होते, आणि अठराही दिवस तो याच मुलाच्या हातात होता. आठव्या भागाच्या शेवटी काळात फिरणारी ती होडी फुटली. विक्रम आजच्या काळात येऊन पडला आणि रेवा राहिली तीनशे वर्षं मागे, एका किल्ल्यात, एकटी! आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली तेव्हापासून उसासे टाकत होत्या.

मुलाने मान वर केली. डोळे असे, की पुढचं बोलणं मी विसरूनच गेले.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “मी बाराव्या पानावर आहे.”

“अठरा दिवसांत बारा पानं?”

“शाळेत सगळं हिंदीत आहे न. घरी मराठी बोलतो, पण वाचायला बसलं की गाडी अडते.” मग त्याने सुरुवातीचं होडीचं चित्र उघडून त्यावर बोट ठेवलं. “आणि आठ दिवस तर यातच गेले. ही फुटणारच होती. फळ्या बिलकुल चुकीच्या जोडल्यात.”

“तुम्हाला हो काय कळतं?”

“सुतार आहोत. माझे वडील दरबारच्या बग्ग्या बनवायचे.”

खांबाआड दुर्गा खिदळली. तिचं हसू कानावर पडलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मग मी वाचते. तुम्ही ऐका.”

“इथे बोलायचं नाही!” ग्रंथपाल उमाशंकरजी चष्म्यावरून गरजले.

“बोलत नाही, वाचतोय,” मी म्हटलं.

“वाचा. वाचायला मनाई नाही.”

झालं! दर रविवारी दुपारी, व्हरांड्यातल्या बाकाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो, म्हणजे संताजी, आणि मधे नववा भाग. थंडीचे दिवस. ऊन हळूहळू सरकत पायांवर यायचं. मी एक पान वाचायची, पुढचं पान तो अडखळत, घाम पुसत. पुढचं चोरून वाचायचं नाही, अशी शपथ घेतली होती दोघांनी.

एका रविवारी त्याला उशीर झाला. रागावायचं तर होतं, पण समोर उमाशंकरजी! मी पुस्तकावरची नजर न हलवता, वाचनाच्याच सुरात म्हटलं, “‘रेवा म्हणाली, किती हा उशीर! मी काय इथे किल्ल्याची राखण करत बसू?’”

संताजी चमकला. पानात डोकावला. ओळ कुठेच सापडेना… आणि मग त्याच्या गालावर हसू उमटलं.

“‘विक्रम म्हणाला… आईने गराडूच्या कंदाचे काप तळले होते. रेवासाठी आणलेत. गरम आहेत, जल्दी खा.’”

“गराडू?” उमाशंकरजींनी मान वर केली. “या भागात गराडू आहेत?”

“तीनशे वर्षांपूर्वीही थंडी पडायचीच की!” मी म्हटलं. संताजीला असा ठसका लागला म्हणता!

तेव्हापासून आमच्या नवव्या भागात पुष्कळ काही घडू लागलं, जे छापलेलं नव्हतं. रेवाला गणिताचा पेपर अवघड गेला. विक्रमला निळी ओढणी आवडली. एकदा विक्रमने वाचलं, “‘रविवार सोडून बाकीचे सहा दिवस कशाला केलेत, कोण जाणे,’” आणि रेवाला पुढची ओळ दिसेचना, अक्षरं अशी तरंगायला लागली… कधी तुम्हीचं तू झालं, तेही त्या वाचनातच.

आणि मग तो रविवार आला. एकच प्रकरण उरलं होतं. पान संताजीचं होतं.

“‘विक्रम म्हणाला,’” तो वाचू लागला, या वेळी जराही न अडखळता, “‘आम्ही उद्या राजगढला चाललोय. कायमचे. दरबारचं राज्य गेलं, बग्ग्या गेल्या. वडिलांना मोहनखेड्याच्या मंदिरात दारं घडवायचं काम मिळालंय.’”

मी पान पाहिलं. वरपासून खालपर्यंत, दोनदा.

“असं इथे लिहिलेलं नाही,” मी म्हणाले. वाचनाचा सूर कुठे गेला, कळलंच नाही.

“नाही लिहिलेलं.”

उमाशंकरजी या वेळी गरजले नाहीत. कपाटातली पुस्तकं उगीच पुसत राहिले.

“‘विक्रमने विचारलं… रेवा पत्र लिहील का?’”

“‘रेवाच्या घरी,’” मी वाचलं, “‘आलेलं प्रत्येक पत्र वडील फोडतात. सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचतात.’”

मग त्याने पुस्तक मिटलं, माझ्याकडे सरकवलं. “शेवटचं प्रकरण तू वाचून घे.”

“तुझ्याशिवाय?… नाही.”

पुस्तक मी तसंच परत केलं.

त्याला तीन महिने झाले. तीन महिने मी सगळ्या देवासपासून कान वाचवत फिरतेय! वर्गात मुली बोलू लागल्या की मी पाणी प्यायला पळते. “सांगू? रेवा ना…” करत दुर्गा टेकडीच्या पायथ्यापर्यंत मागे धावली, तेव्हा मी मोठमोठ्यानं पाढे म्हटले. लोक बघत राहिले. तिला वाटलं गंमत आहे. पण रात्री डोळे मिटले की मला ती रेवा दिसायची, किल्ल्याच्या खिडकीशी, आणि वाटायचं… मी वाचत नाही तोवर ती वाट बघते आहे. वाचलं आणि ती परत आलीच नसली तर?

काल नववा भाग आमच्याच घरी आला! वडिलांनी, म्हणजे आबांनी, आणला, एका बैठकीत संपवला, आणि आज जेवताना त्यांना राहवेना.

“सुभे, काय शेवट केलाय! ती रेवा—”

“आबा, नाही!” मी पिठल्याच्या हातांनी कान झाकले.

“अगं, केस!” आई ओरडली. “वेड लागलंय का मुलीला?”

मी हात खाली घेतले. छातीत धडधडत होतं, आणि या वेळी ते सगळ्यांना दिसत असणार. दिसू दे.

“आई, आबा, मी ठरवलंय. शेवटचं प्रकरण मी संताजीबरोबरच वाचणार.”

“कोण संताजी?” आबांचा घास हातातच राहिला.

“बग्गीखान्यातल्या खंडोजी सुतारांचा मुलगा. राजगढला गेलाय. मला… मला तो फार आवडतो, आबा. उद्या मी त्याला पत्र टाकणार आहे, खाली माझं नाव घालून. परीक्षा संपली की आपल्या घरी ये, म्हणून.”

आईची पोळी तव्यावर करपत होती. कुणी उलटली नाही.

“आणि त्याचं उत्तर आलं ना, आबा,” मी म्हणाले, “की तुम्ही ते फोडा आणि मोठ्यानं वाचा. सगळ्यांसमोर. मी इथेच बसून ऐकणार आहे.”