बंद तोंडाचा गोळा

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीच्या मंडळानं पोरापोरींचं शिबिर काढलं होतं. पेठ वडगावच्या बाहेर, चिमणाबाई कुंभारणीच्या अंगणात. सकाळी चाकावर मडकी, दुपारी आकारामतात्यांच्या भट्टीवर काच फुंकायची. तीन दिवस. ज्याचा हात बसेल त्या एकाला तात्या सहा महिने शिकायला ठेवून घेणार होते.

अनुजाला ती जागा हवी होती. म्हशींची शेणं काढत, डेअरीला दूध घालत वाढलेली पोर. आपल्या हातून एकदा काहीतरी देखणं व्हावं, एवढंच तिचं म्हणणं.

पण शिबिरात तिची शेजारीण, मास्तरांची मधुवंती, सोबत होती ना!

चाकावर अनुजाचं मडकं बसकं झालं तशी चिमणाबाई खेकसली, "अगं, माती हाय ही, म्हशीचं आचळ न्हवं! हळू दाब की!"

सगळे हसले. मधुवंतीही हसली, आणि बडीशेप चघळत चघळत पहिल्याच झटक्यात सुबक गाडगं उतरवून मोकळी झाली. अनुजानं आपलं मडकं मुठीनं चेपून टाकलं.

दुपारी तात्यांनी नळी हातात देण्याआधी बजावलं, "गोळा फुगला की त्याचं तोंड उघडं ठेवायचं. बंद केलं की फुंकणाऱ्याचा श्वास आत कोंडतो. चुकून झालंच बंद, तर ज्याचा श्वास त्याच्याच तोंडापाशी फोडायचा. दुसऱ्यानं फोडायचा न्हाय. माझ्या बापानं सांगितलंय, मी तुमास्नी सांगतो."

"आणि दुसऱ्यानं फोडला तर?" कुणीतरी विचारलं.

"नळी धर गुमान."

मधुवंतीनं फुंकलेला गोळा नारळाएवढा, पाण्यासारखा नितळ झाला. तात्या नुसते "वा!" म्हणाले. आजवर त्यांनी कुणाला म्हटलं नव्हतं. चहाची हाळी आली, सगळे वळले. वाळूच्या घमेल्यात गोळा उभा होता, तोंड अजून लाल. अनुजानं सळईवरचा वितळलेल्या काचेचा थेंब त्या तोंडावर सोडला. गार होताना तडकेल, एवढंच तिच्या मनात होतं. खरंच, एवढंच. मग तिनंच तो चिमट्यानं उचलून, सगळे गोळे सावकाश गार व्हायला ठेवायचे त्या गरम राखेच्या पेटीत पुरला.

सकाळी सगळ्यांच्या आधी तिनं राख उकरली. गोळा अखंड होता. आतून धुकं धरलं होतं... मग ते विरलं. पुन्हा धरलं. पुन्हा विरलं. सावकाश, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं.

तिनं तो ओढणीत गुंडाळून पिशवीत कोंबला. तात्यांना वाटलं, तडकला असेल.

त्या दिवशी मधुवंतीला नळी फुंकता येईना. चाकाशी बसली तर धाप लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बाजेवर आडवी होती. ओठ निळे, बोलणं तुटक.

"अनु... हवाच... पुरंना गं..."

"गाडी बोलवा रं कुणीतरी!" चिमणाबाई पदरानं वारा घालत ओरडली.

अनुजा बाजेच्या उशाशीच उभी होती. पिशवी खांद्याला. आत काहीतरी उबदार, तिच्या बरगडीशी हलत होतं. पिशवी उघडायची, मैत्रिणीच्या तोंडापाशी गोळा फोडायचा, बस्स. पण सगळे बघत होते. तात्या बघत होते. उघडली की केलेलं कळणार, आणि जागा गेली.

ती मागच्या खापरांच्या ढिगाआड गेली. गोळा दगडावर आपटला. ऊन वाफ तिच्या तोंडावर आली, बडीशेपेच्या वासाची. दचकून तिनं श्वास घेतला... आणि तो आत गेला.

"उठली! उठली बघा पोरगी!" पुढून आरडाओरडा झाला.

सगळं निभावलं. संध्याकाळी तात्यांनी, मधुवंतीनंतर हिचाच हात बरा म्हणत, अनुजाचं नाव घेतलं. मधुवंतीनंच पहिल्यांदा टाळी वाजवली.

डिसेंबरात अनुजा तात्यांकडं निघाली, त्या सकाळी मधुवंती तिला एसटीला सोडायला आली. पंचगंगेवरून धुकं चढलं होतं. थांब्यावरच्या प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. चहावाल्याच्या, कंडक्टरच्या, दुधाच्या कॅना लावणाऱ्या म्हाताऱ्याच्याही. मधुवंती खूप बोलत होती, हसत होती.

"नीट शिक गं. मला विसरू नको."

तिच्या तोंडातून काहीच निघत नव्हतं.

अनुजानं ओठ घट्ट मिटले. नाकातून वाफ सुटली, ती तिची स्वतःची. तिनं श्वास रोखून धरला. छाती हलली नाही. तरी मागोमाग दुसरी वाफ आली... आणि वाऱ्याच्या उलट, हळूहळू मधुवंतीच्या तोंडाकडं सरकू लागली. वीतभर अंतरावर थांबली. विरली.

मधुवंतीनं तिथंच, मोकळ्या हवेत, तोंड उघडून धरलं होतं.