चौदाव्या मजल्यावरची परवानगी

बस रे शंतनु. सिद्धी, तूही बस. आधी ते फोन बाजूला ठेवा. तुम्ही पुण्याहून येऊन ज्या उंच अपार्टमेंटांत राहायची स्वप्नं बघता ना, तिथलीच गोष्ट आहे. उडतउडत कानावर आलेली नाही. पुरुषोत्तम शिंपी इथेच, चामराजपेटात मागच्या गल्लीत राहतो. त्याने स्वतः सांगितली मला, आणि थापा मारण्याएवढी अक्कल त्याला देवाने दिलेली नाही.

यंदाचीच शिवरात्र. ती होऊन चार दिवस झाले होते, गुरुवार. थंडी काही हलायचं नाव घेईना. सव्वापाचला दुकान बंद करून पुरुषोत्तम सर्जापूर रोडला निघाला. काम साधं होतं. दयानंदची कात्री आणायची.

दयानंद त्याचा जिवलग. चाळीस वर्षं एकच दुकान. दयानंद कापड कापायचा, हा शिवायचा. दुसऱ्या कुणाचं कटिंग याच्या मशिनखाली कधी गेलं नाही. बायको वारल्यावर मुलाने, गिरीराजने, दयानंदला आपल्याकडे चौदाव्या मजल्यावर नेलं. जानेवारीच्या थंडीत त्याची छाती भरली. एक दिवस फोन आला, "पुरुष्या, दम लागतोय रे. एकदा येऊन जा."

हा गेला की! दोन बस बदलून गेला. गेटवर वॉचमन कानडीत म्हणाला, "अप्रूवल बेकु, अज्जा." घरच्यांची परवानगी पाहिजे. आणि ती विचारायची कुणाला? मुलाच्या फोनला, ॲपवरून. मुलगा ऑफिसात, मीटिंगमध्ये. दयानंदला फोन लावला, तर वाजून वाजून बंद झाला. दोन तास फूटपाथवर बसला आमचा पुरुषोत्तम. मग उठून घरी आला. तिसऱ्या दिवशी दयानंद गेला.

तेराव्याला गिरीराज म्हणतो कसा, "काका, बाबा शेवटपर्यंत विचारत होते, पुरुष्या का आला नाही?"

आला नाही! अरे, खाली धुळीत बसला होता तो! म्हातारा तोच समज घेऊन मेला. माझं डोकं अजून फिरतं. शिव्या घालायच्या तरी कुणाला? मुलाला, वॉचमनला, की त्या फोनला?

काय म्हणालास, शंतनु? सिक्युरिटीसाठी लागतं ते?

गप बस! पिझ्झावाला वर जातो आणि मित्र बाहेर बसतो. कसली डोंबलाची सिक्युरिटी?

तर त्या गुरुवारी पुन्हा तेच गेट, तोच वॉचमन. चंदन त्याचं नाव. पुरुषोत्तम भांडायच्या तयारीनेच गेला होता. चंदन म्हणाला, "स्वल्प इरी, अज्जा," म्हणजे जरा थांबा, आणि तेवढ्यात त्याच्या हातातला फोन वाजला.

"होगी, होगी, जा वर. परवानगी आली. चौदावा मजला."

पुरुषोत्तमने अजून घर नंबर सांगितलाच नव्हता. गिरीराजनेच आधी कळवलं असेल, असं त्याला वाटलं.

लिफ्ट थांबली. समोरचं दार उघडं होतं.

"गिरीराज?"

दिवा नाही. बाल्कनीतून गार वारा येत होता.

बाल्कनीत खुर्ची. तिची पाठ याच्याकडे. वर फक्त डोकं दिसत होतं. मफलर गुंडाळलेलं...

कुणीतरी दम ओढत होतं. घर्र... घर्र... तोंड खाली, गेटकडे.

खरं सांगू? भीतीच्या आधी पुरुषोत्तमला राग आला. तो ओरडला, "आलो होतो मी! दोन तास खाली बसलो होतो! मरायची एवढी कसली घाई झाली होती तुला?" रडत होता आणि शिव्या देत होता.

घरघर थांबली.

...

खुर्ची रिकामी होती.

मागे लिफ्ट उघडली. गिरीराज. हातात किल्ली. "काका... तुम्ही आत कसे? घर सकाळपासून बंद आहे."

कात्री वर तशीच राहिली. दोघे खाली आले. गिरीराज चंदनवर खेकसला, "काकांना सोडलं कुणी? माझ्या फोनवर काहीच आलं नाही!"

चंदनने आपला फोन पुढे केला. वेळ सात अठ्ठेचाळीस. परवानगी देणाऱ्याचं नाव... दयानंद.

गिरीराज मटकन फूटपाथवर बसला. मग म्हणाला, "काका, बाबांचं नाव मी यात कधी घातलंच नव्हतं. वाटलं, त्यांच्याकडे कोण येणार आहे?"

ते नाव अजून आहे तिथे. त्या ॲपवाल्या कंपनीच्या माणसाने दोनदा काढून बघितलं. जात नाही. आणि जाऊही नये!