गुडघ्याची फळी

नाना गेले त्याच्या आदल्या दिवशी ते अंगणात रंधा मारत बसले होते. मी जळगावहून धुळ्याला आणि तिथून साक्रीच्या एस्टीने गावी पोचले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. ख्रिस्ती लोकांचा झावळ्यांचा रविवार होता. मिशनची मुलं शिंदीच्या झावळ्या खांद्यावर टाकून चर्चमधून परतत होती आणि त्याच झावळ्यांनी एकमेकांना झोडपत होती.

आम्ही ख्रिस्ती नाही. सुतार. पण नाना, म्हणजे माझे वडील गिरधर मिस्तरी, मिशनचं सगळं लाकूडकाम करत आले होते. चर्चची बाकं, वेदी, वसतिगृहाची दारं, सगळं त्यांच्या हातचं. त्या ओळखीवर मला मिशनच्या शाळेत जागा मिळाली आणि त्या शाळेमुळे मी आज जळगावात कॉलेजला मराठी शिकवते. हे मी पूर्वी अभिमानाने सांगत असे.

"आठे सावलीमा बस, नंदा," नाना म्हणाले. "पहिले भाकर खाई ले. मंग काय भाषण देनं ते दे."

डावा पाय लांब करून ते बसले होते. कधीतरी ओंडका पडून तो गुडघा अधू झालेला; बसताना, वाकताना सगळा भार ते उजव्यावर देत. समोर सागवानाची हातभर फळी होती.

"पुन्हा पेटीची फळी?" मी विचारलं.

पेटी म्हणजे चर्चमधली कन्फेशनची पेटी. उभ्या कपाटासारखी, मधे पडदी. एका बाजूला फादर बसतात, दुसऱ्या बाजूला माणूस गुडघे टेकून आपली पापं सांगतो आणि दोघांमध्ये लाकडी जाळी असते. ती नानांनीच घडवली होती, मी चौथीत असताना. तिची गुडघे टेकायची फळी लवकर झिजायची आणि नाना ती बदलायचे. सागवान एवढं कसं झिजतं, असं मी लहानपणी विचारलं होतं. "पापं जड ऱ्हातस," ते हसून म्हणाले होते.

"पण आता फादर वळवी बाहेर खुर्चीवर बसून ऐकतात म्हणालात ना तुम्ही?"

"हां. पेटीले कुलूप शे. कितला साल व्हयनात."

"मग झिजते कशी?"

पेटीतून काढून आणलेली जुनी फळी नानांनी पायाने माझ्याकडे सरकवली. तिच्यात दोन खळगे होते, जवळजवळ, गुळगुळीत. मी त्यात तळहात ठेवून पाहिला. माझ्या तळहाताला ते पुरले नाहीत.

नाना फळीवरचा भुसा फुंकत म्हणाले, "सकाय फादर वळवीकडे जानं शे."

सकाय म्हणजे उद्या. ते कशासाठी जाणार, हे मला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. आमच्या लहानपणी मुलींचं वसतिगृह फादर क्लेमेंट चालवत. पुढे त्यांची बदली झाली तेव्हा गावाने हार घालून, बँड लावून त्यांना निरोप दिला. आता वसतिगृहातली एक जुनी मुलगी, पाचोऱ्याला दवाखान्यात आया असलेली भागाबाई, बिशपांकडे गेली होती आणि फादर क्लेमेंटनी आपल्याशी काय केलं ते तिने सांगितलं होतं. चौकशी फादर वळवींकडे आली. तिच्या बाजूने बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

"मी एक कडी बसाडेल व्हती," नाना म्हणाले. "ती सांगनी शे."

तेव्हा मी विचारायला हवं होतं, कसली कडी. मी म्हणाले, "चहा ठेवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले सापडले. धुतलेलं धोतर, टोपी, एका पायात वहाण. दुसरी घालायची राहिली होती. मला रडू आलं. पण त्याच्याही आधी सुटल्यासारखं वाटलं. तो क्रम मला अजून विसरता येत नाही.

सांत्वनाला, दारावर बसायला बायका येत होत्या. तिसऱ्या दिवशी भागाबाई आली. मी तिला शाळा सोडल्यापासून पाहिलं नव्हतं. केस पांढरे व्हायला लागलेले, हाताला दवाखान्यातल्या फिनेलचा वास. ती आली तशी ओट्यावरचं बोलणं थांबलं. शेजारच्या बेबाबाईला मात्र राहवलं नाही.

"मिशननं खाई मोठी व्हयनी," ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आते मिशनलेच चावस."

भागाबाईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. माझ्या शेजारी बसून म्हणाली, "मिस्तरीबाबा येनार व्हतात. माले निरोप धाडेल व्हता त्यास्नी."

मी मान हलवली.

"तुले याद शे ना, नंदा? पेटीमाना खेळ?"

बेबाबाई ऐकत होती. सगळ्याच ऐकत होत्या.

"किती लहान होतो आपण," मी म्हणाले. "मला काही आठवत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"बरं," ती उठत म्हणाली. "मंग मी एकलीच धरी बसस."

दिवसकार्य झाल्यावर मी जळगावला, पिंप्राळ्यातल्या घरी परतले. नानांनी त्या दिवशी रंधा मारलेली फळी सोबत आणली. ती कुठे बसवली गेली नव्हती, तिच्यावर कोणी गुडघा टेकला नव्हता. नानांच्या हातचं शेवटचं काम, म्हणून मी ती भिंतीला लावली आणि तिच्यावर पुस्तकं मांडली.

थोड्याच दिवसांत पुस्तकं एकमेकांवर रेलायला लागली. मी ती सरळ करी आणि कॉलेजातून परत येईपर्यंत ती पुन्हा मधे झुकलेली असत. वजन जास्त झालं असेल, म्हणून जाडजूड कोश काढून खाली ठेवले. तरी तेच. शिवाय खोलीत ओल्या चिंचेचा वास येऊ लागला. मी चिंच घरात ठेवत नाही, आम्लपित्त आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे तर आमसुलं वापरतात."

त्याच आठवड्यात फादर वळवी आले. पस्तिशीचे, सावळे, पायजमा-शर्टात. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून बसलेले.

"एवढी पुस्तकं!" ते म्हणाले. "आम्ही मुलांच्या वसतिगृहात होतो तेव्हा एकच कपाट होतं, ताई. आणि त्याची किल्ली कुठे असायची ते देवालाच माहीत."

आम्ही दोघं हसलो. मग त्यांनी विचारलं, "नाना मला काय सांगणार होते?"

"ते माझ्याशी त्याबद्दल कधी बोलले नाहीत."

हे खरं होतं. आम्ही आयुष्यभर त्याबद्दल बोललो नव्हतो.

"आणि तुम्हाला स्वतःला काही?"

"मी ख्रिस्ती नाही, फादर. तुमच्या आतल्या गोष्टी मला काय माहीत असणार?"

"भागाबाईसुद्धा तेव्हा ख्रिस्ती नव्हती," ते सावकाश म्हणाले. "शुक्रवारी मला अहवाल पाठवायचा आहे. दुसरं कोणी बोललं नाही, तर तसंच लिहावं लागेल. जूनमध्ये फादर क्लेमेंट मोठ्या वसतिगृहाचा ताबा घेणार आहेत. मुलींच्या."

मग मी विचारलं, "पेटीत ऐकलेलं कधीच सांगायचं नसतं ना?"

"मी नाही सांगू शकत. ते बंधन पुरोहितावर असतं आणि ते कबुली देणाऱ्याच्या पापासाठी असतं." त्यांनी पेला खाली ठेवला. "तुम्ही कोणाचं ऐकलंत, ताई?"

"सहज विचारलं."

ते निघाले. दारात वळून भिंतीकडे बोट दाखवत म्हणाले, "फळी खचलीय तुमची."

"पुस्तकांचं वजन."

"वजनाने फळी खाली वाकते," फादर वळवी म्हणाले. "ही खालून सरळ आहे."

ते गेल्यावर मी दार लावून खुर्चीत बसले. चिंचेचा वास दाट झाला होता.

खेळ भागाने शोधला होता. दुपारी चर्च रिकामं असे. नाना मागच्या बाजूला काहीतरी ठोकत असत आणि नव्या पेटीला अजून पॉलिशचा वास होता. मी फादर व्हायचे, आत बसायचे. भागा पलीकडे गुडघे टेकायची आणि चिंच चोखत खोटीखोटी पापं सांगायची. रेक्टरबाईंची वेणी चोरली, वरणात बेडूक टाकला. मी शिक्षा सांगायचे. "नियम शे," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "पेटीमा ऐकेल फादर कोन्हालेच सांगत नही. जीव गया तरी." मी शपथ घेतली होती.

एका दुपारी तिने वेगळंच सांगितलं. बेडकासारखंच ते मला आधी खोटं वाटलं. मग ती चिंच चोखायची थांबली आणि म्हणाली, "ती कडी तुना बापनीच बसाडेल शे."

मागे हातोडा थांबला होता. नाना पेटीच्या पलीकडून आले, आमच्या दोघींकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात खिळे होते. ते त्यांनी एकेक करून काढले आणि म्हणाले, "पेटीमानं पेटीमाच ऱ्हाऊ द्या, पोरींनो."

मी ते पाळलं. हिंदू सुताराच्या पोरीने पुरोहिताची शपथ पाळली, तीही खेळातली. पापाच्या गुपितासाठी असलेलं बंधन. पण भागाचं पाप कोणतं होतं?

मी उठले आणि फळीवरची सगळी पुस्तकं खाली उतरवली.

दोन छोटे खळगे होते. ते मला अपेक्षित होते. त्यांच्या शेजारी आणखी दोन होते, मोठे. त्यातला उजवा खोल होता. डावा नुसता टेकल्यासारखा.

मी हात लावला. लाकूड कोमट होतं.

गुरुवारी मी फळी चादरीत गुंडाळून एस्टीत घातली. कंडक्टरने विचारलं, "पाळणा का काय, बाई?" मी हो म्हणाले. 

चर्चमध्ये दुपारचं ऊन रंगीत काचांतून बाकांवर पडलं होतं. फादर वळवींनी काही न विचारता पेटीचं कुलूप काढलं. आत वर्षानुवर्षांची धूळ होती. जाळीवर कोळ्याचं जाळं होतं, अखंड. फळीची जागा रिकामी होती. नानांचे स्क्रू खाचेतच ठेवलेले होते. मी फळी बसवली. ती बरोबर बसली.

"तुम्ही बाहेर थांबा," मी म्हणाले. "पण इथेच. ऐकू येईल असे. आणि लिहून घ्या."

"तुम्ही गुडघे टेकणार?"

"नाही. मी फादर असायचे."

त्यांना ते कळलं की नाही, माहीत नाही. ते दोन पावलं मागे सरकले. मी आत, पुरोहिताच्या जागेवर बसले. गुडघे दाराला लागत होते. तेव्हा पाय लोंबकळत असत.

पलीकडे कोणी नव्हतं. मी स्वतः पाहिलं होतं.

फळी करकरली. हलकेच. मग पुन्हा, जड.

चिंचेचा वास आला.

जाळीवरचं कोळ्याचं जाळं आत आलं, बाहेर गेलं. आत आलं, बाहेर गेलं. खालच्या बाजूला, एखाद्या चौथीतल्या मुलीचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर.

ती वाट बघत होती. ती त्या दुपारपासून उठलीच नव्हती.

"भागा," मी म्हणाले. माझा आवाज चर्चभर गेला. "फादर क्लेमेंट तुला रात्री वेदीमागच्या खोलीत बोलवायचे. आतून कडी लावायचे. तुझ्याशी वाईट वागायचे. तू हे मला इथे सांगितलंस. तुझं काही चुकलं नव्हतं. मी ऐकलं होतं. मला सगळं आठवतं."

बाहेर फादर वळवींचं पेन थांबलं.

जाळं स्थिर झालं. फळी एकदा करकरली, कोणी उठावं तशी.

एकदाच.

मी थांबले. दुसऱ्या करकरण्याची वाट पाहिली. चर्चमध्ये काही हललं नाही. मग जाळीच्या वरच्या बाजूला, माणसाच्या उंचीवर, जाळं अगदी सावकाश आत आलं. त्या श्वासाला ताज्या भुशाचा वास होता.

तेवढंच राहिलं होतं. तेवढंच मला सांगायचं नव्हतं.

"कडी माझ्या वडिलांनी बसवली होती," मी म्हणाले. "त्या दुपारी ते इथे मागे उभे होते. नाना, तुम्हीही ऐकलं होतं."