पुढच्या दारातला गार्ड

"पोलिसात जायचंय? खुशाल जा! पण तो पोशाख घालून या घरात पाऊल टाकायचं नाही!"

मॅलकीनं चहाचा मग इतक्या जोरात आपटला, की बशीतला ब्रेड उडून कुत्र्याच्या पुढ्यात पडला. आणि घरातला एकंदर रागरंग बघून कुत्र्यानंही त्याला तोंड लावलं नाही.

बापासमोर गप्प राहण्यातच डिम्फनाचं अर्धं आयुष्य गेलं होतं. एकोणिसाव्या वर्षी तिची गार्डच्या भरतीत निवड झाली होती... आमच्याकडे पोलिसाला गार्डच म्हणतात... आणि बॅग भरून ठेवलेली असतानाच तिचा धाकटा भाऊ फर्गल मोटरसायकलवरून पडून गेला. आई तर आधीच गेलेली. डिम्फनानं बॅग माळ्यावर टाकली, गावात केस कापायचं दुकान थाटलं, सकाळ-संध्याकाळ गाईंच्या धारा काढल्या, बापाला जेवू घातलं, आणि लग्न... ते राहूनच गेलं! पण रस्त्यात कुठं निळा पोशाख दिसला, की तिचं अंतःकरण असं व्याकूळ होई, जसं एखाद्या मूल नसलेल्या बाईचं परक्याचं तान्हं बघून व्हावं. मग सरकारनं भरतीची वयोमर्यादा पन्नाशीपर्यंत वाढवली, आणि सत्तेचाळीस वर्षांच्या डिम्फनाच्या हातातली कात्री गिऱ्हाइकाच्या डोक्यावर तशीच थांबली.

"आजवर केस कापलेस, आता केस नोंदवणार होय!" ते गिऱ्हाईक, म्हणजे शेजारची फिलोमिना, आरशातून म्हणाली. "जा बाई तू. गाई माझा नवरा बघेल, मॅलकीला मी बघते. तसाही तो बघण्यासारखा राहिलेला नाही!"

टेम्पलमोरच्या प्रशिक्षण केंद्रात डिम्फना आपल्या निम्म्या वयाच्या पोरांबरोबर धावली. गुडघे कुरकुरले, पोरं तिला लाडानं 'आजी' म्हणाली, तीही हसली. दर रविवारी मात्र ती घरी फोन लावायची. फोन उचलायची फिलोमिना.

"इथंच बसलाय. बोलत नाही म्हणतो."

"बरं..."

"पण फोन यायची वेळ झाली ना, की रेडिओ बंद करून बसतो हं मेला!"

त्या बंद रेडिओच्या आधारावर डिम्फना पुढचा आठवडा काढायची!

दीक्षान्त संचलनाच्या दिवशी तिनं दोन खुर्च्या सांगून ठेवल्या होत्या. फिलोमिना भली मोठी हॅट घालून आली, शेजारची खुर्ची रिकामीच. संचलनात मान सरळ ठेवायची असते. पण डोळ्यांना कुणी काय सांगावं? ते पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या खुर्चीकडे धावत होते...

"बूट घातले होते गं त्यानं," परतीच्या वाटेवर फिलोमिना हळूच म्हणाली. "दारापर्यंत आला. मग बसून परत काढले."

फिलोमिनाला तिच्या फाटकाशी उतरवून डिम्फना घराकडे वळली. दुसऱ्या दिवशी डोनेगलला रुजू व्हायचं होतं; गार्डला त्याच्या स्वतःच्या गावात नेमतच नाहीत. जाण्याआधी एकदा... फक्त एकदा बापाला बघायचं होतं.

अंगणात ती थबकली. आमच्याकडे घरची माणसं मागच्या दारानं ये-जा करतात. पुढचं दार उघडतं ते पाद्रीबाबांना, शवपेटीला आणि वाईट बातमीला. पण या पोशाखाला घरात मज्जाव केलेला! मग कोणत्या हक्कानं मागच्या दारानं शिरायचं? तिनं पुढचं दार वाजवलं. बापासमोर टोपी कसली घालायची, म्हणून ती काढून काखेत धरली.

फुगलेलं दार कुरकुरत उघडलं. मॅलकीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, समोर मावळतीचं ऊन. त्याला दिसला तो फक्त एक निळा पोशाख... आणि काढलेली टोपी.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"नका बोलू, साहेब!" तो चौकटीला धरून म्हणाला. "टोपी काढून आलात, तेव्हाच कळलं मला. पोरग्याच्या वेळीही अस्साच एक जण... आणि आता ती! आज गाडीनं येणार होती हो. तिथं वाट बघितली असेल तिनं माझी, आणि मी म्हातारा गाढव बूट काढून बसलो! माझ्यासाठी राहिली ती, साहेब. मला ठाऊक होतं. रोज ठाऊक होतं. एकदाही बोललो नाही..."

जे ऐकण्यासाठी डिम्फनाचे प्राण आसुसले होते, ते आज तिच्या तोंडावर बोललं जात होतं... आणि तिला नव्हे, कुणा परक्या साहेबाला!

"डॅडी!" अखेर ती आर्तपणे ओरडली. "मी आहे! डिम्फना!"

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. गाल चाचपला, कान चाचपला, केस चाचपले. आणि मग जो भडकला!

"मग घरच्यासारखं मागनं यायला काय धाड भरली होती? गार्ड उघड्या डोक्यानं दारात उभा राहिला म्हणजे काय, ते शिकवलं नाही तुला तिथं?"

"शिकवलं... पण तुमच्यासमोर टोपी—"

"जीव घेतलास माझा!" तो म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडू लागला.

चहा डिम्फनानंच टाकला. मॅलकीनं मगाभोवती दोन्ही हात धरले.

"तुझा राग नव्हता गं. हा पोशाख दिसला की मला ती टकटक ऐकू येते." मग त्यानं विचारलं, "कुठं नेमलंय?"

"डोनेगल."

"लांब."

"लांबच."

"तिथं तुलाही कुणाच्या तरी दारात टोपी काढून जावं लागेल."

"लागेल, डॅडी."

"मग ऐक. फर्गलची बातमी आणणारा पोरगा वाईट नव्हता. पण उंबऱ्यातच बोलला आणि गेला. तू धारा काढून येईपर्यंत मी तसाच दार धरून उभा होतो. तू असं करू नकोस. आत जा. बस. चहा तूच टाक. त्यांचं कुणी माणूस येईपर्यंत उठू नकोस."

"नाही उठणार," ती म्हणाली; आणि वर्दीच्या बाहीनंच तिनं डोळे पुसले.

सकाळी ती मागच्या दारानं निघाली. मॅलकी फाटकापर्यंत आला आणि गाडीच्या आवाजावर अंदाज धरून हात हलवू लागला. तिची गाडी केव्हाच वळणाशी पोचली होती. आरशात तिला दिसलं... फाटकासमोरून दुधाचा टँकर चालला होता, आणि तिचा बाप त्या टँकरकडे बघून, हात उंच करून, सारी माया पणाला लावून तिला निरोप देत होता.