न खेळता दिलेला एक तारा

मुलांनो, जरा डोळे मिटा. मे महिन्याची रणरणती दुपार. शहाद्यातला एक हॉल. ओळीने मांडलेले कॉम्प्युटर. दिसतंय?

हे मनचं सांगत नाही. गेल्याच उन्हाळ्यात घडलंय.

तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या रतिलालकाकांची मुलगी सीमा नववीत. तिने स्वतः गेम बनवला होता. एका मुलीने पायी तापी ओलांडायची, बस्स. सुट्टीभर खपली होती पोर.

स्पर्धेचा नियम साधा. प्रत्येकाने प्रत्येकाचा गेम खेळायचा, मगच तारे द्यायचे आणि अभिप्राय लिहायचा. जास्त तारे, त्याला पुण्याचं शिबिर.

निकाल लागला. स्पर्धेतल्या हेमकांतने सीमाला एक तारा दिला होता. ‘कंटाळवाणा.’

आणि त्याखाली... ‘खेळले: शून्य’.

तिची कानशिलं तापली.

“हेमकांत, तू मन्हा गेम उघाडा तरी का?”

“तू माले दोनच तारा दिन्हात ना? आम्ही दोस्तसनी एकमेकसले पाच-पाच दिन्हात. बस आते, मोठी न्यायाधीश!”

“मी तुन्हा गेम शेवटपावत खेयनी, मंग दिन्हात!”

स्पर्धा घेणारे उमाकांत सर म्हणाले, “जाऊ दे गं. चालायचंच.”

चालायचंच? मुलांनो, या एका शब्दाने माझं डोकं फिरतं. भाजी न चाखता अळणी म्हणायची, आणि वर म्हणे चालायचंच!

सगळे जेवायला गेले. सीमा गेली नाही. कोपऱ्यातल्या माठाशी रागाने पाणी पीत उभी राहिली.

तेवढ्यात वीज गेली.

पंखे थांबले. सगळे पडदे काळे झाले.

फक्त सीमाचा... सुरूच.

टक्... टक्... टक्...

बटणं दबत होती. खुर्चीवर कोणी नव्हतं.

पडद्यावरची मुलगी पाण्यात उतरली. हळूहळू मधोमध गेली. आणि थांबली...

हॉलभर ओल्या गाळाचा वास सुटला.

पडद्यावर अक्षरं उमटली.

‘नदी खरी शे. पन मधला डोह तू दखाडा नई. मी तठेच बुडनी.’

खाली तारे. पाच नाहीत. तीन.

खुर्चीवरून पाणी ठिबकत होतं... फरशीवर, थेंब थेंब.

उमाकांत सर आजही वायरिंगचा दोष सांगतात. वायरिंगमधून गाळाचा वास येतो का? तापीच्या पुलावरून जाताना मी खाली पाहत नाही.

सीमा मात्र पळाली नाही.

तिने दुसरी खुर्ची ओढली. त्या ओल्या खुर्चीला लागून बसली आणि हळूच म्हणाली,

“कोठे शे तो डोह? माले दखाड.”