नववी चक्कर

रिटायर झाल्यावर माझ्याकडे मोजायला काहीच उरलं नव्हतं. चौतीस वर्षं मी स्टील प्लांटच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागात काढली. भट्टीचं तापमान, गॅसचा दाब, पाण्याचा प्रवाह. काटा दाखवेल ते लिहायचं, आणि काटा खोटं बोलतोय असं वाटलं तर आधी काटा तपासायचा. प्लांटचं सेक्टर २ मधलं क्वार्टर सोडून मी आणि माझी बायको सुजाता रुआबांधा वस्तीतल्या दोन खोल्यांत राहायला आलो, तेव्हा सामानात माझी एक पेटी होती. तिच्यात स्टॉपवॉच, मीटर, तारा. सुजाता म्हणाली होती, "आता हे कशाले?" मी पेटी पलंगाखाली सरकवली होती.

डिसेंबरात पायल मेश्राम घरी आली. कवडूजी मेश्रामांची नात. प्लांटमधे कवडूजींच्याच हाताखाली मी काम शिकलो, म्हणून ती मला लहानपणापासून काका म्हणते. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि कॉलेजच्या पोरांनी मिळून एक छोटी रेसिंग कार बनवली होती. एका माणसाची, उघडी, मोटरसायकलचं इंजिन बसवलेली. फेब्रुवारीत तमिळनाडूत स्पर्धा होती.

"काका, आमाले टायमिंगवाला माणूस पाहिजे," ती म्हणाली. "सबके मोबाइल में अलग टाइम आता है. मॅडम म्हणते, सही रीडिंग दाखवा, तरच टीम पाठवीन."

मी लगेच हो म्हणालो. सुपेल्याच्या बाजारात दोन फेऱ्या मारून सामान आणलं आणि चार दिवसांत यंत्र तयार केलं. दोन लोखंडी खांब, एकातून निघणारा न दिसणारा किरण, दुसऱ्यावर तो पकडणारा डोळा. मधून गाडी गेली की किरण तुटतो आणि घड्याळ वेळ छापतं. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत.

चाचण्या रुआबांध्याच्या पलीकडे एका बंद कारखान्याच्या आवारात होत. पूर्वी तिथे ट्रक उभे राहत. आता नुसतं भेगाळलेलं काँक्रीट, कडेला एक टिनाची शेड, आणि वारा फिरला की प्लांटकडून येणारा सडक्या अंड्यांसारखा गॅसचा वास. पोरं शंकूसारखे प्लास्टिकचे नारंगी कोन मांडून साधारण सहाशे मीटरचा वळणावळणाचा रस्ता आखत. चालक दोन. पायल, आणि पीयूष साहू नावाचा एक अबोल मुलगा, सुपेल्याच्या वेल्डरचा पोरगा. सकाळी आठला सुरू करायचं. प्रत्येकाने आठ चकरा मारायच्या आणि गाडी शेडमधे घ्यायची.

पोरांना मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली. सर्वांत वेगवान चक्कर पाहून टीमचा अंदाज करायचा नाही. टायर नवे असतात, पेट्रोल कमी असतं, एखादा कोन हातभर सरकलेला असतो. आठही चकरा पाहायच्या आणि त्यांच्यात किती फरक आहे ते पाहायचं. फरक जितका कमी, तितका चालक भरवशाचा. पण फरक असणारच. माणसाच्या हातून तीच वेळ दुसऱ्यांदा येत नाही.

पायलची सर्वोत्तम वेळ आली ४१.२५ सेकंद. पीयूषची ४०.९२, आणि त्याच्या चकरांमधला फरकही कमी. पायल तिसऱ्या वळणावर दर वेळी घसरत होती.

"काका, किती?" गाडी थांबली की हेल्मेट काढायच्या आधीच ती विचारायची.

एका सकाळी दुसऱ्या चालकाच्याही आठ चकरा संपल्या, गाडी शेडमधे गेली, पोरांनी ती जॅकवर चढवली, इंजिन बंद झालं. मी कागदाची पट्टी फाडायला वाकलो आणि घड्याळाने आणखी एक ओळ छापली. नववी. ३८.४०.

कुत्रं गेलं असेल, असं मला वाटलं. तिथे कुत्री होतीच. ऊन थेट यंत्राच्या डोळ्यावर आलं तरी असं होतं. मी ओळ खोडली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नववी ओळ आली. ३८.४०.

मी डोळ्यावर काळ्या पुठ्ठ्याची नळी बसवली. खांब जमिनीपासून वर घेतले. तारा बदलल्या, बॅटरी बदलली, अंतिम रेषाच मैदानाच्या दुसऱ्या बाजूला नेली. पाच दिवसांत पाच वेळा आकडा तोच आला. बिघाड असा नसतो. बिघडलेलं यंत्र भलतंसलतं दाखवतं, ते एवढ्या शिस्तीत चुकत नाही.

सहाव्या दिवशी गाडी आत गेल्यावर मी पोरांना चहाला पाठवलं आणि रेषेजवळ एकटाच उभा राहिलो. वारा नव्हता. प्लांटच्या चिमण्यांचा धूर सरळ वर जात होता. तिसऱ्या वळणावरचा आतला कोन थरथरला आणि पुन्हा स्थिर झाला. मग चौथ्या वळणावरचा. आवाज काहीच नाही. जळक्या रबराचा वास आला, माझ्या पोटऱ्यांना गरम हवेचा झोत लागून गेला आणि मागे घड्याळ टकटकलं.

मी आकडा पाहायला गेलो नाही. खाली बसून काँक्रीटला हात लावला. जानेवारीची सकाळ होती, जमीन थंडगार होती, पण टायरच्या रुंदीचा एक पट्टा कोमट होता. तो चाचपत मी ओणव्यानेच तिसऱ्या वळणापर्यंत गेलो. आमची पोरं जिथे बाहेर फेकली जातात, तिथे तो पट्टा कोनाच्या अगदी आतून, चार बोटं अंतर ठेवून वळला होता.

भीती नंतर वाटली. आधी मनात आलं ते हे, की काय सुंदर वळवली आहे.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सुजातालाही नाही.

गुरुवारी संध्याकाळी वसुंधरा मॅडमांचा फोन आला. त्या पायलच्या कॉलेजच्या विभागप्रमुख. बोलणं मोजकं.

"रामटेकेजी, उद्या मला तुमचा रिपोर्ट हवा. मागच्या वर्षी टीम शेवटून तिसरी आली, कॉलेजची कमिटी नाराज आहे. एकोणचाळीस सेकंदांच्या आत वेळ असेल तरच पाठवू, आणि ज्याची वेळ तोच मुख्य चालक. सोमवारी कमिटी बघायला येईल. तुम्हाला काय वाटतं, आशा आहे?"

खरं उत्तर माझ्याकडे तयार होतं. गाडी अजून दोन सेकंद मागे आहे. या वर्षी पाठवू नका. पाठवायचीच असेल तर पीयूषला बसवा.

"आशा आहे," मी म्हणालो.

शुक्रवारी चाचणी नव्हती, पोरांचं प्रॅक्टिकल होतं. सकाळी मी एकटाच शेडमधे जाऊन बसलो आणि रिपोर्ट लिहिला. मनाशी म्हणत होतो की घड्याळाने दाखवलेला आकडाच तर लिहितोय, मी कुठे बनवतोय? कवडूजींची नात, आपल्या वस्तीतली पहिली पोरगी अशा गाडीत बसणारी, ती तमिळनाडूला गेली तर कुणाचं काय जाणार आहे? सर्वोत्तम वेळ, ३८.४०. चालक, पायल मेश्राम. खाली सही केली. चौतीस वर्षांत खोट्या आकड्याखाली केलेली ती माझी पहिली सही.

शनिवारी पायल घरी आली. हातात रिपोर्टची झेरॉक्स होती.

"काका, ये मैंने कब किया?"

"बुधवारी," मी म्हणालो. "तुले समजलं नसंल. कधी कधी वळणाची लाइन अशी भेटून जाते."

"पण मी तर तिसऱ्या मोडवर घसरून राहिली होती."

"त्या चकरेत नाही घसरली."

ती कागदाकडे बघत राहिली. मग हळूच हसली. तो आनंद मला बघवला नाही. सुजाता दारात उभी होती. माझा चेहरा तिने वाचला असावा, कारण ती आल्या पावली आत गेली. पायल गेल्यावर म्हणाली, "पोरीशी खोटं कावून बोलले तुमी?" मी पेटी उघडून उगाच तारा गुंडाळत बसलो.

सोमवारी कमिटीची पाच माणसं खुर्च्यांवर बसली होती. वसुंधरा मॅडम माझ्याशेजारी उभ्या. पायल गाडीत बसली.

पहिली चक्कर ४१.६३. दुसरी ४१.३८. एका गृहस्थाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. आता सांगावं, असं वाटलं. आत्ता, सगळ्यांसमोर. मी तोंड उघडलंही.

तिसऱ्या चकरेत ती तिसऱ्या वळणावर आली आणि घसरली नाही.

कोनाच्या आतून गेली. चार बोटं अंतर ठेवून.

३८.४०.

टाळ्या वाजल्या. चौथी चक्कर, ३८.४०. पाचवी, ३८.४०. टाळ्या वाढत गेल्या. पीयूष माझ्यामागून पट्टी वाचत होता.

"अंकल," तो दबक्या आवाजात म्हणाला, "ऐसा हो सकता है? बार-बार वही?"

"मशीन बरोबर आहे," मी म्हणालो.

आठवीही तीच. गाडी शेडमधे गेली, इंजिन बंद झालं.

मी नवव्या ओळीची वाट पाहत राहिलो. कमिटी गेली, खुर्च्या गेल्या. पोरं पायलला खांद्यावर घेऊन नाचली. मी अर्धा तास त्या घड्याळासमोर उभा होतो.

नववी ओळ आली नाही. त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही.

पायल समोरून चालत आली. हातमोजे काढून तिने नीट घडी घातली आणि माझ्याकडे पाहिलं. किती, हे विचारलं नाही.

टीम तमिळनाडूला गेली आणि जिंकली. लांब पल्ल्याच्या शर्यतीत पायलच्या बावीस चकरा होत्या, तिथला रस्ता वेगळा, लांबी वेगळी, तरी बावीसही चकरांच्या वेळा शंभराव्या भागापर्यंत सारख्या. आयोजकांनी आपलं यंत्र दोनदा तपासलं म्हणे. पीयूष गेला नाही. त्याने टीम सोडली. एकदा सुपेल्याच्या चौकात दिसला, बापाच्या दुकानासमोर. मी स्कूटर दुसऱ्या गल्लीत वळवली.

शेवटी मी वसुंधरा मॅडमांच्या केबिनमधे जाऊन सगळं सांगितलं. कोमट पट्टा सोडून सगळं. ३८.४० ही पायलची वेळ नव्हती, पीयूष जास्त वेगवान होता, मी खोटं लिहिलं.

त्यांनी चष्मा काढला. "रामटेकेजी, तिनं आमच्या डोळ्यांसमोर तीच वेळ काढली. मग खोटं काय राहिलं?" काचा पुसत म्हणाल्या, "तुम्ही आराम करा. या वयात होतं असं."

आपण केलेलं पाप कुणी पाप मानायलाच तयार नसावं, अशी ती अवस्था होती. मी प्लांटच्या भिंतीच्या कडेने पायी घरी आलो.

उरली फक्त पायल. रविवारी दुपारी ती मेडल दाखवायला आली. सुजाताने ते गळ्यात घालून पाहिलं, चहा ठेवला आणि कुणी हाक मारली म्हणून शेजारी गेली. आम्ही दोघंच होतो. पायल खुर्चीत ताठ बसली होती, हात मांडीवर, एकावर एक.

"पायल," मी म्हणालो, "मले एक सांगायचं आहे. रिपोर्टमधली ती वेळ तुझी नव्हती. मी खोटं बोललो. पीयूषवर अन्याय झाला, तुझ्यावरबी झाला. माफी मागून राहिलो तुले."

"माहीत आहे काका." आवाज तिचाच होता, तितकाच मायेचा.

"कसं माहीत?"

"मी पाहून राहिली होती न. तुम्ही शेडमधे लिवत होते तवा."

शुक्रवारी सकाळी ती प्रॅक्टिकलला होती. सगळा वर्ग तिथे होता.

"आधी तुम्ही पीयूषचं नाव लिवून राहिले होते," ती म्हणाली. "पी लिवला होता. मंग वेलांटीवर रेघ मारली आन् त्याचा पा केला."

खरं आहे. इथे लिहितानाही मी ते टाळलं होतं. तो पहिला कागद होता, त्यावर खाडाखोड झाली म्हणून रिपोर्ट दुसऱ्या कागदावर उतरवला, आणि पहिला तिथेच शेडच्या कोपऱ्यात काडी लावून जाळला. राख बुटाने पसरवली. एवढी खात्री करून मगच निघालो होतो.

"कावून लाजता काका?" पायल म्हणाली. "मले एक नाव पाहिजेच होतं. कोणाचंबी चाललं असतं."

तिने माझा कप उचलून माझ्या हातात दिला.

"घ्या. चहा थंडा होऊन राहिला तुमचा."